यकृतशोथ, तीव्र ब-प्रकारचा

यकृताच्या दाहयुक्त सुजेला यकृतशोथ म्हणतात. मद्य, काही औषधे, विषारी पदार्थ व निरनिराळे व्हायरस यांमुळे हा विकार होतो. ब-प्रकारच्या व्हायरसाचा शरीरात प्रथमच प्रवेश झाल्यानंतर सहा महिन्यांच्या आत जो अल्पकालिक विकार उद्‌भवतो, त्यास तीव्र ब-प्रकारचा यकृतशोथ म्हणतात. व्हायरस सहा महिन्यांनंतरही रक्तात टिकून राहिल्यास संसर्ग चिरकारी (दीर्घकालीन) झाला असे समजतात. कावीळ हे या रोगाचे सर्वपरिचित लक्षण असले, तरी ते प्रत्येक रुग्णात आढळत नाही.

या रोगाचे दोन विशेष त्याच्या अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, प्रौढ वयात संसर्ग झालेल्या शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक व्यक्ती कोणत्याही विशिष्ट औषधावाचून बऱ्या होतात. त्यामुळे काविळीवर दिलेला कोणताही उपाय गुणकारी भासतो आणि खरे औषध कोणते हे केवळ अनुभवावरून ठरविता येत नाही. दुसरा विशेष असा की, रोगाची परिणती प्रामुख्याने संसर्गाच्या वेळच्या वयावर अवलंबून असते. प्रौढाला कावीळ होते व तो बरा होतो. नवजात अर्भकाला बहुधा कोणताही त्रास होत नाही, परंतु व्हायरस त्याच्या यकृतात कायमचा ठाण मांडतो. या दोन्ही गोष्टी नियंत्रित नैदानिक संशोधनामुळेच (रुग्णांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर व पद्धतशीर तुलनेवर आधारलेल्या संशोधनामुळे) निर्विवादपणे सिद्ध झाल्या.

कारक व्हायरस : ब-यकृतशोथाचा व्हायरस सु. ४२ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १ मीटरचा १ अब्जावा भाग) व्यासाचा, गोलाकार व दुहेरी आवरणाचा असतो. १९७० मध्ये लंडन येथील डेव्हिड डेन व त्यांचे सहकारी यांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रथम पाहिला; म्हणून त्यास ‘डेन कण’ असेही म्हणतात. त्याच्या बाह्य आवरणातील प्रथिनास पृष्ठ-प्रतिजन म्हणतात (प्रतिजन म्हणजे शरीरात शिरल्यास आपल्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करविणारा पदार्थ). आतील भागात गाभा-प्रतिजन व त्याच्या पोटात अंशतः दुपदरी असलेले वर्तुळाकार डीएनए असते. त्यात सु. ३,२०० क्षारक-जोड्या असून प्राण्यांना रोगकारक असलेल्या व्हायरसांमध्ये हा जननिक संचय अतिशय लहान गणला जातो. संसर्गित कोशिका ई-प्रतिजन नावाचे आणखी एक प्रथिन रक्तात सोडतात. त्याचे अस्तित्व सामान्यतः व्हायरसाची वाढ जोमाने चालू असल्याचे द्योतक असते.

रुग्णाच्या रक्तात संपूर्ण व्हायरसांपेक्षा सु. २२ नॅनोमीटर व्यासाचे, केवळ पृष्ठ-प्रतिजनाचे बनलेले पोकळ कण कितीतरी पटींनी अधिक असतात. त्यांत डीएनए नसल्यामुळे ते संसर्ग करू शकत नाहीत. या निरुपद्रवी कणांच्या विपुलतेमुळेच व्हायरसाचा शोध लागला आणि पुढे पहिली लसही त्यांच्यापासूनच तयार करता आली.

व्हायरस यकृत कोशिकेत ज्या ग्राहीद्वारे प्रवेश करतो ते पित्त लवणांची वाहतूक करणारे प्रथिन असल्याचे २०१२ मध्ये बीजिंग येथील संशोधकांनी दाखविले. कोशिकेच्या केंद्रकात व्हायरसाच्या डीएनएचे एक बंदिस्त वर्तुळ तयार होते. रोग बरा झाल्यावरही त्याचे अल्प अवशेष यकृतात राहू शकतात. त्यामुळे पूर्वी बऱ्या झालेल्या व्यक्तीस कर्करोगावरील किंवा प्रतिरक्षा दडपणारी काही औषधे दिल्यास रोग पुन्हा उफाळून येण्याचा संभव असतो.

प्रसार : हा रोग रक्त व रक्तमिश्रित शरीरद्रव, वीर्य आणि योनिस्राव यांवाटे पसरतो. दूषित रक्ताचे आधान, निर्जंतुक न केलेल्या सुया व पिचकाऱ्या, गोंदण, कान-नाक टोचणे, एकच वस्तरा अनेकांसाठी वापरणे, असुरक्षित लैंगिक संबंध व प्रसूतीच्या वेळी मातेकडून अर्भकाकडे होणारे संक्रमण हे त्याचे प्रमुख मार्ग होत. शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही व्हायरस किमान सात दिवस संसर्गक्षम राहतो. रक्तात ई-प्रतिजन असलेल्या रुग्णासाठी वापरलेली सुई चुकून टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीस संसर्ग होण्याचा धोका सु. ३० टक्क्यांपर्यंत असतो. याउलट दूषित पाणी व अन्न यांमार्फत हा रोग पसरत नाही. गावात किंवा शहरात पाण्यामुळे येणाऱ्या काविळीच्या साथी अ- व ई-प्रकारच्या व्हायरसांच्या असतात. एकत्र जेवण, हस्तांदोलन, खोकला किंवा स्तनपान यांमुळे ब-प्रकार पसरत नाही. म्हणून रुग्णाला वाळीत टाकण्यासारखे वागविणे अनाठायी होय.

विकारविज्ञान : यकृत कोशिकांचा नाश प्रत्यक्ष व्हायरसामुळे होतो, अशी पूर्वी समजूत होती. वस्तुतः व्हायरस त्या कोशिकांना फारशी इजा करीत नाही. संसर्गित कोशिका ओळखून त्यांवर हल्ला करणाऱ्या शरीराच्याच लसीका कोशिकांमुळे यकृताचा दाह होतो. कावीळ म्हणजे एका अर्थी शरीराने दिलेल्या प्रतिकाराची खूण असते. चिंपँझींवरील संशोधनात असेही आढळले की, बराचसा व्हायरस कोशिका न मरता, लसीका कोशिकांनी सोडलेल्या प्रथिनांच्या प्रभावाने नाहीसा होतो. कोशिकांचा मोठा नाश त्यानंतर दिसू लागतो.

वय व रोगपरिणती यांतील संबंधाचा उलगडा यावरून होतो. प्रौढाची प्रतिरक्षा यंत्रणा परिपक्व असल्याने ती जोराने प्रतिकार करते, दाह होतो व व्हायरसाचे उच्चाटन होते. नवजात अर्भकाची यंत्रणा अपरिपक्व असते व व्हायरस तिला परका वाटत नाही. त्यामुळे दाहही होत नाही आणि उच्चाटनही होत नाही. जन्माच्या सुमारास संसर्ग झालेल्यांपैकी सु. ९० टक्के, एक ते पाच वर्षे वयात झालेल्यांपैकी सु. २५ ते ५० टक्के आणि प्रौढ वयात झालेल्यांपैकी पाच टक्क्यांहून कमी व्यक्ती चिरकारी वाहक बनतात. अशा वाहकांपैकी अनेकांना पुढे यकृतसूत्रण रोग (यकृत कठीण व गाठाळ होणे) किंवा यकृताचा कर्करोग होतो.

लक्षणे व रोगक्रम : रोगाचा परिपाक काल (संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) ३० ते १८० दिवसांचा, सरासरीने सु. अडीच ते तीन महिन्यांचा असतो. सुरुवातीस थकवा, अन्नद्वेष, मळमळ, उलट्या, बारीक ताप व पोटाच्या उजव्या वरच्या भागात जडपणा ही लक्षणे दिसतात. काही रुग्णांत सांधेदुखी व अंगावर पित्ताच्या गांधीसारखे पुरळही येते. धूम्रपान करणाऱ्यास विडी-सिगारेटची शिसारी येते. त्यानंतर लघवी गडद पिवळी होते व डोळे आणि त्वचा यांवर पिवळेपणा दिसतो. या वेळी ताप व मळमळ बहुधा कमी होतात. कावीळ सामान्यतः काही आठवड्यांत ओसरते. अशक्तपणा मात्र त्यापेक्षा अधिक काळ राहू शकतो. संसर्ग झालेल्या प्रौढांपैकी केवळ ३० ते ५० टक्क्यांत स्पष्ट लक्षणे दिसतात. पाच वर्षांखालील मुलांत हे प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी असते.

सु. एक टक्क्याहून कमी रुग्णांत यकृताचा झपाट्याने ऱ्हास होऊन अत्युग्र यकृतशोथ होतो. अतिशय झोप येणे, बोलण्यात असंबद्धता, दिवस-रात्रीचे भान न राहणे, हात फडफडणे, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येणे ही त्याची धोक्याची चिन्हे होत. अशा रुग्णास तत्काळ सुसज्ज रुग्णालयात हलविणे अवश्य असते. यकृत प्रतिरोपणाशिवाय या अवस्थेतील मृत्युप्रमाण मोठे आहे. ड-प्रकारचा व्हायरस केवळ ब-प्रकाराच्या आश्रयाने वाढतो व दोहोंचा एकाच वेळी संसर्ग झाल्यास रोग अधिक उग्र होऊ शकतो.

निदान : रक्तरसातील (रक्त साखळल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातील) बिलिरुबीन वाढलेले असते आणि यकृत कोशिकांतून बाहेर पडणारी ॲमिनोट्रान्सफरेज एंझाइमे प्राकृत प्रमाणाच्या दसपटीहूनही अधिक असू शकतात. यांवरून यकृतशोथ असल्याचे समजते, पण त्याचा प्रकार कळत नाही. पृष्ठ-प्रतिजन लक्षणांच्या आधीच रक्तात दिसू लागते. ते आढळल्यास ब-प्रकारचा संसर्ग असल्याचे सिद्ध होते. परंतु हा संसर्ग नवा की जुना हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी गाभा-प्रतिजनाविरुद्धचे आयजीएम वर्गाचे प्रतिपिंड शोधतात. ते तीव्र संसर्गात विपुल असते. रोग बरा होताना पृष्ठ-प्रतिजन नाहीसे होते व काही काळाने त्याविरुद्धची प्रतिपिंडे दिसू लागतात. मधल्या अवकाशात दोन्ही सापडत नाहीत. अशा वेळी गाभा-प्रतिजनाविरुद्धच्या प्रतिपिंडावरूनच निदान होते. वाहकाला दुसऱ्या कारणाने कावीळ झाली असता ती तीव्र ब-प्रकाराची समजली जाण्याची चूक याच परीक्षांनी टळते. सहा महिन्यांनी पृष्ठ-प्रतिजनाची परीक्षा पुन्हा करून व्हायरस गेल्याची खात्री करून घेणे आवश्यक असते. केवळ कावीळ उतरली म्हणजे संसर्ग संपला असे होत नाही.

संशोधनाचा इतिहास : काविळीचे वर्णन प्राचीन वैद्यकात आढळते. [⟶ कावीळ]. तथापि काविळीचा एक प्रकार रक्तरसावाटे पसरतो, ही गोष्ट प्रथम अपघाताने उघडकीस आली. १८८३ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे जहाजबांधणी कारखान्यातील १,२८९ कामगारांना मानवी लसीकेपासून तयार केलेली देवीची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९१ जणांना पुढील काही महिन्यांत कावीळ झाली. ती लस न टोचलेल्या कामगारांत कावीळ आढळली नाही. ल्युरमान यांनी १८८५ मध्ये ही हकिकत प्रसिद्ध केली, पण तिचा अर्थ उमगण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.

असाच, परंतु फार मोठा अपघात १९४२ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सैन्यात झाला. पीतज्वरावरील लस टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात मानवी रक्तरस मिसळला होता. त्या लशीच्या काही विशिष्ट घाण्यांमुळे सु. ५०,००० सैनिकांना कावीळ झाली. त्यांपैकी हयात असलेल्या व्यक्तींचा शोध घेऊन १९८५ मध्ये लिओनार्ड सीफ व त्यांचे सहकारी यांनी त्यांच्या रक्ताची परीक्षा केली. त्या वेळी कावीळ झालेल्यांपैकी ९७ टक्क्यांत व दूषित लस घेऊनही निरोगी राहिलेल्यांपैकी ७६ टक्क्यांत ब-व्हायरसाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. ती लस न घेतलेल्या सैनिकांत हे प्रमाण १३ टक्केच होते. यावरून एकूण सु. ३,३०,००० जणांना संसर्ग झाला असावा, असा अंदाज करण्यात आला. मात्र दूषित लस घेतलेल्या ज्या व्यक्तींची परीक्षा झाली त्यांत वाहकांचे प्रमाण फक्त ०·२६ टक्के भरले. निरोगी प्रौढाचे शरीर हा व्हायरस जवळजवळ नेहमीच हाकलून लावते, याचा इतका मोठा पुरावा दुसरा नाही.

दूषित अन्नपाण्याने होणाऱ्या काविळीस ‘अ’ व रक्तरसावाटे होणाऱ्या काविळीस ‘ब’ ही नावे १९४७ मध्ये ब्रिटिश वैद्य एफ. ओ. मॅकॅलम यांनी सुचविली. सोल क्रुगमन यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या शासकीय संस्थेत केलेल्या अभ्यासामुळे या दोन रोगांतील भेद १९६७ मध्ये निर्णायकपणे सिद्ध झाला. एकाचा परिपाक काल अल्प व दुसऱ्याचा दीर्घ असतो आणि एक झाल्याने दुसऱ्यापासून संरक्षण मिळत नाही, हे त्यांनी दाखविले. संसर्गकारक रक्तरस पाण्यात मिसळून एक मिनिट उकळल्यास त्याची संसर्गक्षमता जाते, पण काही अंशी संरक्षण देण्याचा गुण शिल्लक राहतो, हा त्यांचा १९७१ मधील निष्कर्ष लशीच्या दृष्टीने पहिला आशादायक पुरावा होता.

हे ज्ञान ज्या मार्गाने मिळाले तो मात्र गंभीर आक्षेपास पात्र ठरला. या प्रयोगांत मुलांना हेतुपुरस्सर संसर्ग देण्यात आला होता. संस्थेत कावीळ इतकी फैलावलेली आहे की, मुलांना ती लवकरच होणार आणि आईवडिलांची संमती घेतलेली आहे, असे समर्थन करण्यात आले. पण ज्या संस्थेत प्रवेश मिळणेच दुरापास्त होते, तेथे प्रवेशाच्या अपेक्षेने दिलेली संमती खरोखर स्वेच्छेची म्हणता येईल काय, हा प्रश्न उरतोच. हेन्री बीचर यांनी १९६६ मध्ये आक्षेपार्ह वैद्यकीय प्रयोगांची जी उदाहरणे प्रसिद्ध केली, त्यांत या अभ्यासाचा समावेश होता. स्वतः संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तींवर प्रयोग करण्यासंबंधीचे निर्बंध पुढे कडक होण्यास अशी उदाहरणे कारणीभूत झाली.

प्रत्यक्ष कारकाचा शोध वेगळ्याच वाटेने लागला. बारूक ब्लमबर्ग (१९२५–२०११) हे रक्तातील प्रथिनांमधील आनुवंशिक भेदांचा अभ्यास करीत होते. अनेकदा रक्ताधान झालेल्या रुग्णांच्या रक्तरसात इतरांच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे असणार, या तर्काने ते जगभरातील नमुने तपासत असता १९६३ मध्ये एका रक्तस्रावी (हीमोफिलिया) रुग्णाच्या रक्तरसाची ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तरसाशी विक्रिया झाल्याचे आढळले. या नव्या पदार्थास ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव मिळाले. पूर्वी ज्यांच्या रक्तात तो नव्हता त्यांच्यात यकृतशोथाबरोबर तो दिसू लागल्याची उदाहरणे मिळाली. त्यांपैकी एक ब्लमबर्ग यांच्याच प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाचे होते. १९६८ च्या सुमारास न्यूयॉर्क येथील ॲल्फ्रेड प्रिन्स आणि जपानमधील ओकोची व मुराकामी यांच्या स्वतंत्र अभ्यासांनी हा संबंध पक्का झाला. हेच पृष्ठ-प्रतिजन होय. रक्तदात्यांचे रक्त त्यासाठी तपासण्याची पद्धत त्यानंतर थोड्याच वर्षांत रूढ झाली. ब्लमबर्ग यांना १९७६ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक डॅन्येल कार्लटन गायडुसेक यांच्याबरोबर विभागून मिळाले.

चिकित्सा व तिची परीक्षा : आपोआप बऱ्या होणाऱ्या रोगात औषधाचा गुण ठरवावयाचा तर यदृच्छेने पाडलेल्या दोन गटांची तुलना करावी लागते, एका गटास औषध व दुसऱ्यास दिसण्यात तसाच पण निर्गुण पदार्थ देतात. शक्य तेथे कोणाला काय दिले हे रुग्ण व परीक्षक या दोघांपासूनही गुप्त ठेवतात. तीव्र यकृतशोथाच्या बाबतीत या पद्धतीने अनेक दृढ समजुती निराधार ठरविल्या.

कडक विश्रांती हा पूर्वी काविळीवरचा मुख्य उपाय मानीत. कोरियन युद्धातील अमेरिकी सैनिकांवर टॉमस चामर्स व सहकाऱ्यांनी केलेल्या व १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, इच्छेप्रमाणे हिंडू-फिरू दिलेले रुग्ण अंथरुणास खिळवून ठेवलेल्या रुग्णांइतक्याच लवकर बरे झाले आणि पोटभर, प्रथिनयुक्त आहार अपायकारक ठरला नाही. त्या काळी व्हायरसांचे प्रकार रक्तपरीक्षेने ओळखता येत नव्हते, तरी आहार-विश्रांतीविषयीचा हा निष्कर्ष सर्वच प्रकारांना लागू समजला जातो. दाह कमी करणारी स्टेरॉइडे उग्र यकृतशोथात उपयुक्त असतील, हा तर्क वरकरणी सयुक्तिक होता. परंतु १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियंत्रित परीक्षेत ती दिलेल्या गटात मृत्यू कमी न होता उलट अधिक झाले. व्हायरसाची वाढ रोखणाऱ्या लॅमिव्हुडीन या औषधाची ७१ रुग्णांवरील परीक्षा नवी दिल्ली येथे होऊन २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. औषधामुळे रक्तातील व्हायरसाचे डीएनए अधिक वेगाने घटले, परंतु रुग्ण बरे होण्याच्या दृष्टीने निर्गुण पदार्थ दिलेल्या गटापेक्षा लाभ दिसला नाही. कारण तो गटही बराच झाला होता.

भुईआवळीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. ही वनस्पती काविळीवर भारतात परंपरेने वापरतात. १९८८ मध्ये मद्रास येथील त्यागराजन व सहकारी यांनी, ब्लमबर्ग यांच्या सहभागाने, वाहकांवरील परीक्षेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. वनस्पतीचे चूर्ण घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून पृष्ठ-प्रतिजन नाहीसे झाल्याचे, तर तुलनेच्या गटातील २३ पैकी एकाच्याच रक्तातून ते गेल्याचे त्यात नमूद होते. यामुळे मोठी आशा उत्पन्न झाली. परंतु इतरत्र झालेल्या पुढील परीक्षांत असा परिणाम आढळला नाही. परंपरेतील औषध म्हणून ते डावलले गेले नाही व एका अनुकूल निष्कर्षावरून स्वीकारलेही गेले नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात कावीळ ‘उतरविणे’, डाग देणे, नाकात वनस्पतींचा रस घालणे, गळ्यात माळ बांधणे असे उपाय प्रचलित आहेत. रुग्ण बरा झाल्याचे श्रेय त्यांना मिळते, ते रोगाच्या स्वाभाविक गतीमुळे. अशा उपायांत मौल्यवान वेळ जाऊन अत्युग्र यकृतशोथाची चिन्हे दुर्लक्षित राहिल्यास ते प्राणघातक ठरू शकते.

सामान्य रुग्णास पुरेशी विश्रांती, रुचेल तो सकस आहार व पुरेसे पाणी एवढेच पुरते. मद्य पूर्णपणे वर्ज्य करावे आणि वैद्याच्या सल्ल्याशिवाय वेदनाशामक वा अन्य औषधे घेऊ नयेत. रक्त साखळण्यास लागणारा वेळ (प्रोथ्राँबिन काल) वेळोवेळी मोजणे महत्त्वाचे असते. तो वाढत जाणे हे यकृत निकामी होऊ लागल्याचे निदर्शक असते. अशा उग्र रुग्णांत टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिर ही व्हायरसरोधी औषधे देतात व यकृत प्रतिरोपणाची तयारी ठेवतात.

प्रतिबंध : तीव्र रोगावरील औषधांच्या परीक्षांतून फारसे काही हाती लागले नाही, लशीच्या परीक्षेचा निष्कर्ष मात्र निःसंदिग्ध होता. वाहकांच्या रक्तद्रवातील पृष्ठ-प्रतिजनाचे कण शुद्ध करून व त्यांतील संभाव्य व्हायरस निष्क्रिय करून मॉरिस हिलमन (१९१९–२००५) यांनी लस तयार केली. वुल्फ श्मुनेस यांनी न्यूयॉर्क शहरातील १,०८३ समलिंगी पुरुषांच्या सहकार्याने तिची परीक्षा केली. या समाजात संसर्गाचे प्रमाण फार मोठे असल्याने थोड्या काळात निश्चित निष्कर्ष मिळणे शक्य होते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार लस घेतलेल्या गटात रोगाचे प्रमाण सु. ९२ टक्क्यांनी घटले. १९८१ मध्ये ही लस अमेरिकेत संमत झाली. १९८६ मध्ये पृष्ठ-प्रतिजनाचे जनुक यीस्टमध्ये घालून मानवी रक्ताशिवाय लस बनविण्यात यश आले व ती सर्वत्र रूढ झाली.

लस नेमकी केव्हा द्यावी, याचे उत्तर तैवानमधील संशोधनाने दिले. पामर बीझली व सहकाऱ्यांनी तेथील २२,७०७ पुरुषांचा पाठपुरावा करून वाहकांना यकृत कर्करोग होण्याचा धोका इतरांच्या दोनशेहून अधिक पटींनी जास्त असल्याचे १९८१ मध्ये दाखविले. वाहक मातांच्या अर्भकांना जन्मताच प्रतिपिंडयुक्त ग्लोब्युलीन व लस दिल्यास बहुतेक अर्भके वाचतात, हेही त्यांनी सिद्ध केले. तैवानने १९८४ मध्ये वाहक मातांच्या व १९८६ पासून सर्व अर्भकांना लस देण्यास प्रारंभ केला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांतील यकृत कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१–८६ मध्ये दर लाखी ०·७० होते, ते १९९०–९४ मध्ये ०·३६ इतके उतरले. लशीने कर्करोग टळू शकतो, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय.

दूषित सुई टोचल्यास किंवा तत्सम संपर्क आल्यास, पूर्वी लस न घेतलेल्या व्यक्तीस शक्यतो चोवीस तासांच्या आत लस व ग्लोब्युलीन देतात. रक्तात व्हायरस विपुल असलेल्या गर्भवतीस शेवटच्या तिमाहीत टेनोफोव्हिर दिल्याने अर्भकाचा धोका आणखी कमी होतो. प्रत्येक अंतःक्षेपणासाठी नवी निर्जंतुक सुई व पिचकारी वापरणे, रक्तदात्यांच्या रक्ताची परीक्षा आणि लैंगिक संबंधांत निरोधाचा वापर हे प्रतिबंधाचे इतर उपाय होत.

भारतातील स्थिती : यीस्टपासून बनविलेली पहिली भारतीय लस हैदराबाद येथील शांता बायोटेक्निक्स या संस्थेने १९९७ मध्ये बाजारात आणली; पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाही अशी लस बनविते. देशात उत्पादन सुरू झाल्याने किंमत पुष्कळ उतरली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात या लशीचा समावेश २००२ पासून काही शहरांत व जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात आणि २०११ पासून देशभर करण्यात आला. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा व पुढे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत पंचगुणी लशीतून उरलेल्या मात्रा देतात. राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. पिचकाऱ्या पुन्हा वापरण्याचे दुष्परिणाम २००९ च्या प्रारंभी गुजरातमधील मोडासा येथील तीव्र ब-यकृतशोथाच्या प्राणघातक साथीने दाखवून दिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सु. २५·४ कोटी लोकांना चिरकारी संसर्ग होता व त्या वर्षी सु. ११ लाख मृत्यू या व्हायरसामुळे झाले. त्याच वर्षी जगातील निम्म्याहून कमी, म्हणजे सु. ४५ टक्के, अर्भकांनाच जन्मताच द्यावयाची मात्रा वेळेवर मिळाली. काविळीने आजारी पडलेला प्रौढ स्वतः वैद्याकडे येतो. संसर्ग झालेले अर्भक मात्र निरोगीच दिसते. म्हणून घरी किंवा रुग्णालयात कोठेही प्रसूती झाली, तरी पहिल्या चोवीस तासांत अर्भकास ही मात्रा मिळणे अत्यंत महत्त्वाचे ठरते.